तारीख तेवढी रिकामी

शेषेराव मेले नाहीत, ही सगळ्यात मोठी अडचण झाली.

डॉक्टरांनी बहात्तर तास सांगितले होते. लातूरच्या दवाखान्यात आयसीयूबाहेरच्या लोखंडी खुर्चीवर थोरला मुलगा दयानंद मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. मोकळं बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं. नांदेडात त्याची ट्रॅक्टरची एजन्सी होती आणि जळकोटकडच्या आपल्या गटातून जिल्हा परिषदेला उभं राहायचं त्यानं मनात पक्कं केलं होतं. गावाकडं जुना माणूस गेला की चौकात बॅनर लागतं, आणि ‘शोकाकुल’ या शब्दाखाली पहिलं नाव कुणाचं यावरून आता घराचा कारभारी कोण, हे लोक चहा पिता पिता ठरवून टाकतात. दयानंदला ते पहिलं नाव पाहिजे होतं. तेव्हा चौदा ऑगस्टला, वडील आत नळ्यांमध्ये असताना, त्यानं बाहेर बॅनर तयार केलं.

वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. मधे वडलांचा फोटो. शेजारी हात जोडलेला स्वतःचा फोटो, वडलांपेक्षा बोटभर मोठा. खाली ‘शोकाकुल : दयानंददादा’, मग एजन्सी, मग मित्रमंडळ आणि शेवटी ‘समस्त परिवार’. आई साखराबाई आणि गावी राहून म्हाताऱ्याचं हगणं-मुतणं काढणारा धाकटा भाऊ श्रीमंत, असे दोघेही समस्त परिवारात सहज मावले. निधनाची तारीख तेवढी रिकामी सोडली. घाई करणारा माणूस नव्हता तो.

मग फाइल क्लाउडवर ‘बाबा’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकली.

एकाहत्तराव्या तासाला शेषेरावांनी डोळे उघडले आणि चहा मागितला. नर्सनं हसत बाहेर येऊन सांगितलं. “अरे वा,” दयानंद म्हणाला आणि त्यानं लॅपटॉप मिटला.

शेषेराव घरी आले ते रिपोर्टांची भली मोठी पिशवी घेऊन. ती गोठ्याच्या खुंटीला अडकवली. दिवाळीच्या सुमारास हौशी नावाच्या देवणी गाईनं त्यातला हृदयाचा आलेख खाल्ला. गाईला काही झालं नाही. लातूरच्या डॉक्टरांना मात्र फार राग आला. “पुढच्या वेळी जुने कागद नसतील तर पेशंट आणूच नका,” ते म्हणाले. म्हणून दयानंदनं एक टॅब घेतला आणि एका रविवारी वडलांना क्लाउड शिकवायला जळकोटला आला.

“हे बघा बाबा. रिपोर्टाचा फोटो काढायचा अन् ह्या ‘बाबा’ फोल्डरमधी टाकायचा. झालं. मग त्यो हितं बी दिसतो, माझ्या फोनवर बी, नांदेडच्या कॉम्प्युटरवर बी.”

“अन् खरा ऱ्हातो कुठं?”

“वर. क्लाउडवर.”

“म्हंजी मी जायच्या आदी माझे कागद वर जाऊन बसले म्हन की.”

“रुमाल टाकून जागा धरलीया,” साखराबाई चुलीपुढून म्हणाल्या.

शेषेराव तीस वर्षं उदगीरच्या बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. माइकवरून गाड्या पुकारायचं त्यांचं काम. त्यामुळं कुठली गोष्ट कुठून निघून कुठं पोचते, हे त्यांना एकदा सांगितलं की पुरे होई.

“पासवर्ड माझाच टाकलाय,” दयानंद म्हणाला. “घर एक, रेशन कार्ड एक, मग खातं बी एकच बरं.”

“लिव्हलेलं बदलायचं आसंल तर?”

“ह्या पेन्सिलीवर बोट ठिवा. सेव्ह करायचं काम न्हाई. तुमी हितं बदललं की समदीकडं आपोआप बदलतंय.”

“अन् चुकून पुसलं तर?”

“कचऱ्याच्या डब्यात जातंय. तीस दिवसांत कवाबी उचलून परत ठिवा.”

“लई चांगली सोय हाय,” शेषेराव म्हणाले. “आमच्या टायमाला गाडी गेली की गेली.”

दयानंदनं वडलांबरोबर टॅब धरून फोटो काढला, ‘आधुनिक पिता’ असं लिहून सगळीकडं पाठवला आणि नांदेडकडं निघाला. कंधारला चहाला थांबला तेव्हा रिपोर्ट नीट चढले का, म्हणून त्यानं फोनवर फोल्डर उघडलं. साखरेचा रिपोर्ट होता. छातीचा एक्सरे होता. दोन्हींच्या मधे बॅनर होतं. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं : १४ ऑगस्टला तयार केली, सहा मिनिटांपूर्वी उघडली. उघडणारे : तुम्ही.

दयानंदनं कप खाली ठेवला. त्यानं फाइल पुसली. चहाचा दुसरा घोट घेईतो फोन वाजला.

“अरे, एक कागद कचऱ्यात पडला होता बग,” शेषेराव म्हणाले. “माझा फोटू होता त्याच्यावर. उचलून परत ठिवला.”

“कोन्ता कागद, बाबा?”

“हाय एक. तुझा चहा होऊ दे.”

चहाचं त्यानं सांगितलं नव्हतं. पण जळकोटहून निघालेली गाडी तासाभरानं कुठं थांबते, हे शेषेरावांना सांगावं लागत नसे.

त्या दिवसापासून बॅनर बदलायला लागलं. सोमवारी वय एकोणऐंशीचं एक्याऐंशी झालं. ते बरोबरच होतं, दयानंदला बापाचं वय माहीत नव्हतं. मंगळवारी साखराबाईंचं नाव आलं. बुधवारी श्रीमंतचं. मग दयानंदचं नाव रोज एकेक पायरी खाली उतरू लागलं. तो नांदेडहून वर चढवायचा, जेवून येईतो परत खाली. एकदा दोघं एकाच वेळी फाइलीत शिरले. पडद्यावर दोन रेघा लुकलुकत होत्या, दोन्हींवर लिहिलेलं ‘तुम्ही’. दयानंदनं आपलं नाव धरून वर ओढलं. दुसऱ्या ‘तुम्ही’नं ते खाली ओढलं. तेवढ्यात फोन आला.

“काय करायलास?” शेषेरावांनी विचारलं.

“काय न्हाई बाबा. हिशेब.”

“मी बी बसलोय निवांत. साखर एकशे चाळीस हाय. कागद वर टाकलाय, बग.”

आणि बोलता बोलता त्यांनी नाव ‘मित्रमंडळ’च्या खाली नेऊन ठेवलं.

दयानंदनं गुपचूप दुसरी प्रत बनवली. दुसऱ्या दिवशी ती नव्हती. “डबल झालं होतं म्हनून एक काढलं,” शेषेराव म्हणाले. “एका टायमाला दोन गाड्या सोडायच्या नसत्यात.” टॅब खात्यातून तोडून टाकणं दोन बोटांचं काम होतं. पण तोडला तर म्हातारा चिडणार आणि पारावर जाऊन बोलणार. सध्या तो नुसता बदल करत होता, बोलत नव्हता. मतांच्या हिशेबात न बोलणारा बाप बरा.

जानेवारीत मात्र दयानंद स्वतः जळकोटला गेला आणि गोठ्यात वडलांपुढं उकिडवा बसला.

“चुकलं, बाबा.”

“चुकलं न्हाई. लवकर झालं.” शेषेराव हौशीचा गळा खाजवत होते. “तीस वर्सं माइक धरला मी. गाडी फलाटाला लागल्याबिगर एक डाव बी पुकारली न्हाई. ब्रेकडाऊन व्हती कवा, उशिरा येती कवा. मानसं उगंच उठून उभी ऱ्हात्यात.”

“हाव बाबा.” दयानंदनं मान खाली घातली. मग थोडी वर केली. “पन माझं नाव तेवढं...”

शेषेरावांनी त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं. गाईनंही पाहिलं. मग त्यांनी टॅब उचलला, पेन्सिलीवर बोट ठेवलं आणि दाखवला.

“हे घे. पहिलं. बस?”

दयानंद पाया पडला. आईच्या हातची भाकर खाल्ली आणि हलक्या मनानं निघाला. कंधारला त्यानं दोन चहा घेतले. त्यानंतर फाइल उघडून बघायची त्याला गरजच वाटली नाही.

नऊ फेब्रुवारीला सकाळी शेषेराव चहाची कपबशी हातात घेऊन गेले. या वेळी डॉक्टरांना तास सांगायची संधीच मिळाली नाही. श्रीमंतचा फोन आला तेव्हा दयानंद रडला, खरंच रडला, आणि रडता रडता गाडीत बसला. पाठीमागच्या सीटवरून त्यानं फाइल उघडली. वडलांचा फोटो दिसला. तारखेची जागा दिसली. बोट ठेवल्याबरोबर कीबोर्ड वर आला आणि खालचा अर्धा बॅनर झाकला. त्यानं ‘९ फेब्रुवारी’ लिहिलं आणि फ्लेक्सवाल्या मन्मथला लिंक पाठवली : पंधरा नग, दहा बाय आठ, अंत्यविधीच्या आत लागले पायजेत.

मन्मथ फक्त माप बघायचा. छापतो ते वाचत नसे. वाचलं तर हसू येतं आणि गिऱ्हाईक दुःखात असतं, असं त्याचं म्हणणं होतं.

दयानंद गावात पोचला तेव्हा चौकात गर्दी होती, पण गर्दीचं तोंड घराकडं नव्हतं, वर होतं. काही जण बोटांवर महिने मोजत होते. त्यानंही वर पाहिलं.

शोकाकुल : साखराबाई (पत्नी). श्रीमंत (मुलगा). हौशी (देवणी गाय). फलाट क्रमांक तीन, उदगीर.

त्याचा हात जोडलेला फोटो जागेवरच होता, बापापेक्षा बोटभर मोठा. फोटोखाली ठळक अक्षरात ओळ होती :

‘हे बॅनर दयानंददादा यांनी १४ ऑगस्टलाच तयार करून ठेवले होते. त्यांचे आभार.’

“मी न्हाई केलं हे!” दयानंद ओरडला. “बाबांनी केलंय! थांबा, दाखवतो!” त्यानं फोनवर बदलांची यादी उघडून बॅनर बांधायला आलेल्या मन्मथच्या नाकासमोर धरली. शेवटचा मोठा बदल जानेवारीतला होता, दयानंद कंधारला दुसरा चहा पीत होता त्या वेळचा. मन्मथनं आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट नीट वाचली.

“दादा, हितं तर वरपासून खालपर्यंत ‘तुम्ही’च हाय.”

बायकांच्या घोळक्यातून साखराबाई पुढं आल्या. त्यांना अक्षर येत नव्हतं. डोळे सुजले होते. पदरानं तोंड पुसून त्या बॅनरकडं बघत राहिल्या.

“माझं बी नाव हाय म्हनं?”

“हाय, माय. पहिलंच,” दयानंद म्हणाला.

“पहिलं? अन् तुझं?”

“खाली हाय.”

“मंग वाच की लेकरा. मोठ्यानं वाच, ह्यांला बी ऐकू जाऊ दे.”

तिरडी बांधून झाली होती. खांदेकरी थांबले होते. सगळा चौक थांबला होता.

दयानंदनं वाचलं. तारखेसकट.