सव्वाशे ट्रान्झिस्टरांचा डॉक्टर

बहात्तर सालच्या हिवाळ्यात नगर जिल्ह्यातल्या कर्जतच्या आठवडे बाजारात विकायला माल कमी आणि फिरायला माणसं जास्त असायची. पावसानं दगा दिला होता, भाजीची पालं निम्म्यावर आली होती. त्या दिवशी मात्र एस. टी. स्टँडमागच्या चिंचेखाली अशी झुंबड उडाली होती, की रताळीवाली आपली पाटी तशीच टाकून तिकडं बघायला गेली होती.

चिंचेखाली सतरंजी, सतरंजीवर टेबल आणि टेबलावर गोदरेजच्या कपाटाचा धाकटा भाऊ शोभावा असा एक लोखंडी खोका. समोर काच. काचेआड रांगेनं बसवलेले वाटाण्याएवढे चकचकीत ट्रान्झिस्टर. वर लुकलुकणारे पिवळे दिवे आणि अगदी टोकाला दोन मोठे, एक लाल, एक हिरवा. खोक्यातून निघालेल्या वायरींना पितळेच्या दोन मुठी. मुठी धरायच्या, दिवे लुकलुकायचे, आतून टिकटिक व्हायची, मग लाल लागला तर रोग आहे आणि हिरवा लागला तर रोग गेला. डॉक्टर नको, तपासणी नको, काही नको.

"बंधूंनो, चंद्रावर माणूस कुणी उतरवला?" यंत्राचे मालक प्रोफेसर सूर्यभान ओरडत होते. अंगात कोट, पायात काही नाही. "माणसानं? छट्! कॉम्प्युटरनं! त्याच जातीचं हे यंत्र. ट्रान्झिस्टर किती? मोजून घ्या, काचेतून मोजा. सव्वाशे! आणि डॉक्टरला मेंदू किती? एक! तोही दुपारी जेवला की पेंगतो!"

लोक खदाखदा हसले आणि खरंच मोजू लागले.

ह्या मोजण्याचं मला नवल वाटलं नाही. मी कर्जतच्या पोस्टात कारकून. रेडिओचं लायसन त्या काळी पोस्टातून निघायचं आणि तो कागद मीच करायचो. शिवाय मला रेडिओ जोडायचा नाद. नगरच्या एका साप्ताहिकात मी 'सुटे भाग' नावाचं सदर लिहायचो. बाजारात कुठला नवा व्हॉल्व्ह आला, कुठला कंडेन्सर दोन महिन्यांत फुगतो, असल्या बातम्या आणि त्यावर माझी शेरेबाजी. वाचणारे थोडे, पण जे होते ते कट्टर. त्या सगळ्यांना एकच खूळ होतं, ते म्हणजे ट्रान्झिस्टर किती. आवाज कसा येतो हे कुणी विचारायचं नाही. माझा सहाचा, तुझा आठचा, ह्यावर मैत्र्या तुटायच्या. हे खूळ ओळखून काही रेडिओवाले आत नुसतेच शोभेचे, कशालाही न जोडलेले ट्रान्झिस्टर चिकटवून आकडा फुगवायचे. मी सदरात तीनदा लिहिलं. कुणी ऐकलं नाही.

माझ्या वाचकांत पहिला नंबर सायकल दुकानवाल्या नबीलालचा. तो गर्दीत पुढंच होता.

"भाऊसाहेब, सव्वाशे!" तो म्हणाला. त्याचे डोळे पाणावले होते. "माझ्या आठच्यावर रेडिओ सिलोन लागतं. सव्वाशेवर काय काय लागत असंल!"

मी हसून पुढं गेलो असतो, पण तेवढ्यात मुठी धरायला गोरक्ष उभा राहिला, आणि माझं हसू गेलं.

गोरक्ष राहीबाईचा एकुलता एक मुलगा, पंचविशीचा. त्याला क्षय झाला होता. सरकारी दवाखान्यात स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं चालू होती, सोबत गोळ्या. दोन-अडीच महिन्यांत ताप उतरला होता, खोकला बसला होता, गालावर मांस दिसू लागलं होतं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की बरं वाटलं तरी वर्ष-दीड वर्ष औषध सोडायचं नाही. अर्धवट सोडलं तर रोग परत येतो आणि मग तो त्याच औषधाला बधत नाही. हे मला ठाऊक होतं, कारण राहीबाई पोस्टाच्या पायरीवर बसून मला सगळं सांगायची.

प्रोफेसरांनी गोरक्षला प्रेमानं विचारलं, "दवाखान्यात जाता का बाळ? किती दिवस झाले? ताप येतो?"

"जातो की. ताप गेला आता."

मग टिकटिक झाली, दिवे लुकलुकले आणि हिरवा लागला. गर्दीनं टाळ्या वाजवल्या. राहीबाईनं यंत्राला पदर पसरून नमस्कार केला.

"आता टोचून घेऊ नका," प्रोफेसर म्हणाले. "आमचा चुंबकी ताईत दंडाला बांधा. निरोगी माणसाला औषध म्हणजे विष."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तिथंच उभा राहिलो आणि दुपारभर नुसतं बघत राहिलो. गुपित फार खोल नव्हतं. दवाखान्यात जाऊन सुधारलेल्यांना हिरवा, नव्या माणसाला लाल. लालवाल्याला ताईत आणि पुढच्या बाजारी पुन्हा तपासणी. आणि दरवेळी निकालाच्या आधी प्रोफेसरांच्या उजव्या पायाचा अंगठा सतरंजीतल्या दोन उंचवट्यांपैकी एकावर जायचा. पायात चप्पल नव्हती ती यंत्राच्या पावित्र्यासाठी नव्हे. ती टिकटिकही ओळखीची निघाली. ट्रकचा ड्रायव्हर वळायच्या आधी बाजूचा दिवा उघडझाप करतो, त्या दिव्याच्या फ्लॅशरची ती टिकटिक.

पुढच्या बाजारी मी एक भोपळा घेऊन रांगेत उभा राहिलो.

"हे काय?" प्रोफेसर म्हणाले.

"पेशंट," मी म्हणालो. "बोलत नाही, पण तुमच्या यंत्राला बोलायची गरज कुठं आहे?"

गर्दीला तमाशा हवाच होता. "लावा, लावा!" म्हणून गलका झाला. प्रोफेसर पाय चोरून मागं सरकले. मी मुठी भोपळ्याला सुतळीनं बांधल्या आणि सतरंजीतल्या एका उंचवट्यावर स्वतःच्या पायाचा अंगठा दाबला. टिकटिक झाली, दिवे लुकलुकले, हिरवा लागला.

"भोपळा ठणठणीत आहे!" मी ओरडलो. हशा उसळला. मग शेजारचा उंचवटा दाबला. लाल. "आता भोपळ्याला क्षय झाला!" सतरंजी उचलून दाखवली. खाली घराच्या दाराला असतात तशी घंटीची दोन बटणं होती.

माझी छाती फुगली होती. मी गर्दीत राहीबाईला शोधलं. ती पुढंच होती, गोरक्षचा हात धरून.

"पाहिलंत ना, राहीबाई? भोपळ्यालासुद्धा हिरवा लागतो."

तिनं शांतपणे विचार केला. "लागनारच की. भोपळ्याला काय झालंय? चांगला ताजा भोपळा हाय."

"अहो, पण लालसुद्धा लागला!"

"तो तुमी दाबला म्हनून लागला. यंत्र काय करंल? तुमी त्याला खोटं बोलाया लावलं."

आसपासच्या दोघी-तिघींनी माना डोलावल्या. मी चिडलो. खोक्याची मागची पट्टी स्क्रू-ड्रायव्हरनं उघडली आणि सगळ्यांना आत बघायला बोलावलं. आत ट्रॅक्टरची एक बॅटरी, ट्रकचे तीन फ्लॅशर, स्कूटरचे बल्ब आणि चार हात वायर. पितळी मुठींच्या वायरी आत येऊन खिळ्याला नुसत्या गुंडाळलेल्या, कशालाच न जोडलेल्या. आणि ते सव्वाशे ट्रान्झिस्टर सरसानं पुठ्ठ्यावर चिकटवलेले. मी एक उपटून, जोडायच्या तारांचे पाय असतात ती बाजू वर करून, नबीलालच्या हातावर ठेवला.

"ह्याला तर पायच न्हाईत!" नबीलालचा आवाज चिरकला. "भाऊसाहेब, पाय कापलेत!"

"सगळ्यांचेच कापलेत. जळके, टाकाऊ माल आहे. ही शोभा आहे नुसती."

आता मात्र गर्दी खवळली. मला वाटलं, जिंकलो. मग कानावर शब्द येऊ लागले.

"सव्वाशे म्हनला आन् एक बी चालू न्हाई?"

"मोजून घेतले हुते आमी!"

"निदान पन्नास तरी खरे टाकायचे!"

प्रोफेसर त्यांच्या धंद्यात माझ्याहून फार हुशार होते. त्यांनी हात जोडले. "बंधूंनो, भाऊसाहेब म्हणतात ते खरं आहे. हे खेडोपाडी हिंडवायचं नमुन्याचं यंत्र. खरं यंत्र असल्या धुरळ्यात आणता येतं का? ते पुण्याला आहे. थंड खोलीत. दोनशे ट्रान्झिस्टर, सगळे पायांसकट!"

गर्दी शांत झाली. कुणीतरी पुण्याचा पत्ता विचारला. टेम्पोत बॅटरी चढवायला चौघांनी प्रोफेसरांना हात दिला. त्यात नबीलाल होता.

"तूसुद्धा?" मी विचारलं.

"भाऊसाहेब, ह्यातले खोटे हुते, कबूल," तो खालच्या आवाजात म्हणाला. "पन दोनशेचं यंत्र खोटं कसं असंल?"

पुढच्या आठवड्यात प्रोफेसर राहुरीच्या बाजारात दिसल्याचं कळलं. खोका तोच होता, काचेत दोन रांगा वाढवल्या होत्या.

गोरक्षनं दवाखान्यात जाणं सोडलं होतं. मी डॉक्टरांना घेऊन त्याच्या घरी गेलो. राहीबाईनं चहा केला, डॉक्टरांना खुर्ची दिली. कसली अढी नाही. डॉक्टरांनी त्याला पुन्हा सगळं समजावलं, हात जोडून समजावलं. गोरक्ष दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागला होता. दंडाला ताईत होता.

"डॉक्टरसाहेब, त्या सुईनं कानात भुंगा घुमतोय," तो म्हणाला. "कमरंला गाठी झाल्यात. आन् मला काय बी व्हत न्हाई आता. दोन भाकरी खातो." मग माझ्याकडं वळला. "भाऊसाहेब, हे म्हनत्यात अजून वरीसभर टोचून घे. यंत्र म्हनलं आजच बरा हायस. माझ्या जागी तुमी कुनाचं ऐकलं असतं?"

"यंत्र खोटं होतं रे! तुझ्या डोळ्यांदेखत उघडलं."

"व्हय. पन मला बरं वाटतंय ते खोटं न्हाई ना?"

त्याला बरं वाटत होतं ते डॉक्टरांच्याच इंजेक्शनांनी, आणि त्याच बरं वाटण्याच्या जोरावर तो इंजेक्शनं नाकारत होता. हे त्याला तीन तऱ्हांनी सांगून झालं. तो मान हलवायचा, हसायचा, येतो म्हणायचा. आला नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला खडी फोडतानाच त्याला रक्ताची उलटी झाली. पुन्हा सुया सुरू झाल्या, पण आता त्या लागू पडेनात. डॉक्टरांनी नगरला पाठवलं. तिथूनही परत आला. पहिला पाऊस पडायच्या आत तो गेला.

मी भेटायला गेलो तेव्हा राहीबाई ओट्यावर बसली होती. ती रडत नव्हती. मला बघून उठली आणि पदर नीट केला.

"भाऊसाहेब, एक इचारू? राग धरू नका."

"विचारा."

"त्याला हिरवा लागला हुता. समद्या बाजारानं बघितला. तुमी यंत्राचं पोट उघडाया नगं हुतं. उघडलं आन् गुन गेला." ती थांबली. "तुमी मुद्दाम न्हाई केलं, ठावं हाय मला. पन कशापाई उघडलं?"

फ्लॅशर, बॅटरी, कापलेले पाय, सगळं मला पाठ होतं, आणि त्यातलं काहीच त्या ओट्यावर बोलण्यासारखं नव्हतं. मी तिच्या पाया पडलो आणि निघालो.

तरीही लिहितो, कारण लिहिण्यापलीकडं माझ्या हातात काही नाही. वाचकहो, खोक्यात किती भाग आहेत हे विचारू नका, ते काय करतात ते विचारा. औषध चालू असताना बरं वाटू लागलं, तर ते औषधाचं काम आहे, मध्येच येऊन दिवा लावणाऱ्याचं नव्हे. डॉक्टर थांब म्हणेपर्यंत ते सोडू नका. एवढं एक ऐका. गोरक्षला मी हेच सांगितलं होतं, ह्याच शब्दांत, आणि तो हसून येतो म्हणाला होता.