हिंटरआखची मारिया

हिंटरआखमध्ये न्हाव्याचा धंदा करायचा आणि तोही खेळाच्या वर्षी, म्हणजे उपवासाच्या दिवशी खाटकाचं दुकान उघडून बसण्यातलाच प्रकार. दर दहा वर्षांनी आमच्या गावात उन्हाळाभर येशूच्या दुःखभोगाचा खेळ होतो. प्लेगाच्या साथीत केलेला नवस आहे तो, आणि त्या खेळात खोटी दाढी चालत नाही, केसांचा टोप चालत नाही. आदल्या वर्षी, ईस्टरआधीचे उपवास सुरू होतात त्या राखेच्या बुधवारी, सरपंच हुकूम काढतो, आणि मग गवळ्यापासून पोस्टमास्तरापर्यंत सगळे बाप्ये केस आणि दाढ्या वाढवत गावभर फिरतात. आमचा न्हावी टोबियास केमलर, त्याच्या वाट्याला उरले ते रोमन शिपायांचं काम करणारे चाळीसेक जण, कारण रोमनांना दाढी नसते, आणि खेळ बघायला लांबून आलेले पाहुणे. टोबियास आन्सबाखकडचा, लुथरपंथी, आणि आमचं गाव कट्टर कॅथलिक. गावात सहा वर्षं राहूनही तो परकाच होता. आमच्याकडे साठ वर्षं राहिलं तरी माणूस परकाच असतो म्हणा.

पाहुणे उतरायचे घरोघरी. क्विरिन लोइब्लच्या घरी माडीवर चार खोल्या होत्या आणि त्या हिवाळ्यातल्या तालमींपासूनच कधी रिकाम्या नसायच्या, कारण क्विरिन म्हणजे खुद्द येशू. धंद्यानं तो लाकडावर कोरीवकाम करणारा. पण सलग दुसऱ्या खेळाला पंचांनी त्यालाच येशू नेमलं होतं, आणि खांद्यावर केस सोडून तो रस्त्यानं निघाला की इंग्रज बायका त्याच्या हाताचं चुंबन घ्यायला धावायच्या. तो हात पुढे करायचा, नाही कशाला म्हणा. येशूच्या मूर्ती कोरतानाही आताशा तो आपलंच नाक काढायला लागला होता.

त्याची मुलगी आफ्रा तेवीस वर्षांची. त्या वर्षीची मारिया तीच होती. बाप येशू आणि लेक त्याची आई, यात आम्हाला काही वावगं वाटत नाही. ज्याला जे जमतं त्याला ते द्यायचं. मारियाला मात्र एक अट असते. ती कुमारी हवी, नावाला डाग नको, आणि लग्न झालं की तिला पुन्हा कधी मारिया होता येत नाही. म्हणजे बाईच्या जन्मात ही संधी एकदाच. आफ्राला तीन वर्षांची असताना कुणीतरी देवदूत म्हणून रंगमंचावर उभं केलं होतं. तेव्हा तिनं ती निळा झगा घातलेली बाई पाहिली, आणि त्या दिवसापासून तिला दुसरं काही नको होतं. वीस वर्षं तिनं वाट पाहिली होती.

आणि मग तिला टोबियास हवासा झाला. रोज सकाळी तो पाहुण्यांची दाढी करायला माडीवर यायचा आणि गरम पाणी वर न्यायचं काम आफ्राचं. जिन्यात भेट, पाण्याची देवघेव, दोन शब्द. चांगला माणूस होता, मी खोटं का बोलू? हळू बोलणारा, हाताला साबणाचा वास, आणि दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवय. ही सवय आमच्या गावात फार कमी जणांना. हिवाळ्यात सुरू झालेलं वसंतापर्यंत पुढे गेलं. दोघांनी ठरवलं होतं की सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी शेवटचा प्रयोग झाला की टोबियासनं क्विरिनकडे मागणी घालायची. बाप नाही म्हणणार, हे नक्की. लुथरपंथी जावई म्हणजे त्याच्या नाकाला मिरच्याच झोंबणार. मग आन्सबाखला जाऊन तिथल्या चर्चमध्ये लग्न करायचं. मारियाही होऊन झालेली असेल आणि टोबियासही मिळेल. तिला दोन्ही हवं होतं, आणि त्यात चूक ती काय?

जूनच्या शेवटी तिच्या आईच्या ध्यानात आलं. आमच्याकडे आयांना हे कुणी सांगावं लागत नाही. वाळत घातलेल्या कपड्यांत महिन्याच्या घड्या दिसल्या नाहीत की ती दोरीच सगळं सांगते. तोवर दोन महिने आईनं दोरी पाहिली होती, मग तिनं नवऱ्याला सांगितलं. लेकीला मात्र काही विचारलं नाही.

क्विरिन ओरडला नाही. आफ्राला त्यानं कामाच्या खोलीत बोलावलं, दार लोटलं आणि कोण म्हणून विचारलं. तिनं नाव सांगितलं. तो बराच वेळ हातातलं छिन्नीचं पातं अंगठ्यावर घासत राहिला.

आमच्या खेळाचा एक नियम आहे आणि तो आफ्रालाही पाळण्यातल्यापासून ठाऊक होता. घरातल्या कुणी आपखुशीनं पाप केलं तर त्या खेळातून अख्खं घर बाद. बाप, आई, भाऊ, म्हातारा आजासुद्धा. क्विरिननं तिला तेच सांगितलं. तू गेलीस की मी गेलो, म्हणाला. अर्धा उन्हाळा उलटलाय, सप्टेंबरअखेरपर्यंतची तिकिटं इंग्लंडात विकली गेलीत, आणि येशूला खाली उतरवायचं का एका न्हाव्यापायी?

मग त्यानं आवाज मऊ केला.

“पण त्यानं जबरदस्ती केली असेल तर गोष्ट वेगळी.”

“नाही केली, बाबा.”

“काय झालं ते मी विचारत नाहीये. काय सांगशील ते विचारतोय.”

 बापानं समजावलं की तो परका माणूस आहे, त्याला असं कितीसं होणार? चार-दोन महिने आत बसवतील, गावाबाहेर काढतील. सुटला की तू कुठं जायचं ते तुझं तू बघ, मी आडवा येणार नाही. पोटातलं तोवर निळ्या झग्यात लपेल, तुझी आई पट्टे सैल करील.

“आणि मी मारिया राहीन?” आफ्रानं विचारलं.

“राहशील. बाप सांगतोय ना तुझा.”

दोन दिवस ती विचार करत होती. जेवणात लक्ष नाही, कणकेच्या गोळ्यांचं सूप पुढ्यात थंड होतंय. टोबियासला गाठून सांगावं असं तिला शंभरदा वाटलं, पण आईनं गरम पाणी स्वतः न्यायला सुरुवात केली होती. शेवटी तिनं मनाची समजूत घातली ती अशी: सप्टेंबर संपला की त्याला पत्र लिहायचं, सगळं सांगायचं, पाया पडायचं. तो ऐकून घेणारा माणूस आहे, हेही ऐकून घेईल. चार महिन्यांचा प्रश्न. माणूस स्वतःशी किती सहज खोटं बोलतो आणि किती पटकन त्यावर विश्वास ठेवतो! मला तिचा राग येतो अजून, आणि दयाही येते.

रविवारी सकाळी सहाला तिला फादरच्या कचेरीत बोलावलं. खेळ आठला सुरू व्हायचा म्हणून ती निळा झगा घालूनच गेली. मेजामागे फादर, सरपंच स्टाडलर आणि तिचा बाप बसले होते. बापाच्या अंगावर येशूचा जांभळा अंगरखा. जिल्ह्याहून आलेला पोलीस दाराशी उभा. आफ्रानं मेजावर हात ठेवून शपथ घेतली आणि पाठ केलेलं बोलून टाकलं. मेच्या अमुक दिवशी, माडीवरच्या खोलीत, माझ्या मनाविरुद्ध. फादरनं लिहून घेतलं, तिनं सही केली.

मग टोबियासला आत आणलं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

शिपायांच्या दाढ्या करता करता त्याला उचलून आणलं होतं. मनगटापर्यंत साबणाचा फेस तसाच. फादरनं जबाब वाचून दाखवला आणि आफ्राला म्हणाला, “याच्या तोंडावर सांग. हाच का तो?”

“हाच,” आफ्रा म्हणाली.

“मनाविरुद्ध?”

“हो.”

टोबियासनं तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या झग्याकडे पाहिलं. त्या झग्याविषयी जिन्यात तिनं किती बडबड केली होती त्याच्यापाशी! कापड कुठून आणलं, पट्टा कसा बांधतात, सगळं. त्याला कळलं. आफ्राला दिसलं की त्याला कळलंय.

“तुझं काय म्हणणं?” पोलिसानं विचारलं.

“ती सांगते तसंच झालं,” टोबियास म्हणाला. “तिचा काही दोष नाही.”

त्यानंही सही केली. फेसानं कागद ओला झाला म्हणून फादर कुरकुरला. पोलीस त्याला घेऊन गेला. जाताना त्यानं मागं वळून पाहिलं नाही. मला वाटतं तेही तिच्यासाठीच.

आफ्रा उठली. आठला दीड तास राहिला होता, केस विंचरायचे होते. सरपंच म्हणाला, थांब जरा. त्यानं पंचांची जुनी वही पुढे ओढली आणि खूण घातलेलं पान उघडलं. सत्तर वर्षांपूर्वी अशीच एक मारिया होती, तिच्यावर एका सैनिकानं हात टाकला होता. पंचांनी तेव्हा ठरवलं होतं की दोष पोरीचा नाही म्हणून घराला शिक्षा नाही, पण मारिया कुमारीच हवी, तेव्हा पोरीला उतरवावं. सरपंचानं ते सावकाश वाचलं आणि वही मिटली.

“आज वाल्बुर्गा मारिया होईल,” तो म्हणाला.

वाल्बुर्गा तिची चुलत बहीण. ती दाराबाहेरच उभी होती, केस विंचरून, मोकळे सोडून. म्हणजे तिला आदल्या दिवशीच सांगून ठेवलेलं होतं.

आफ्रानं बापाकडे पाहिलं. पंचांपैकी तो एक. वही त्यानं वाचली नव्हती असं होणं शक्य नव्हतं.

“बाबा, तुम्ही म्हणाला होता.”

“घर वाचवायचं होतं,” क्विरिन म्हणाला. “वाचलं.”

मग मात्र ती बोलली. मी खोटं सांगितलं, म्हणाली. त्यानं काही केलं नाही, मी आपणहून गेले, दर वेळी मीच दार उघडलं. पोलिसाला परत बोलवा, फाडा तो कागद. सरपंच खिडकीबाहेर बघत बसला. फादरनं टिपकागदानं सह्या टिपल्या आणि अगदी प्रेमानं, प्रवचनात बोलतो तसा बोलला.

“पोरी, त्यानं स्वतः कबूल केलंय. आता तू फिरलीस तर खोट्या शपथेबद्दल तूही आत जाशील, पोटातल्यासकट. तो काही त्यानं सुटायचा नाही. गुन्हेगारानं कबूल केल्यावर न्यायाधीश बाईचे अश्रू बघत नाहीत.”

“किती दिवस ठेवतील त्याला?”

“पाच वर्षं,” सरपंच म्हणाला. “जास्तही. सक्तमजुरी.”

चार महिने नाही. तिनं पुन्हा बापाकडे पाहिलंच नाही.

“झगा काढ,” क्विरिन म्हणाला. “वाल्बुर्गाला घालायचाय. आणि लवकर कर.”

तिनं तो तिथेच फादरच्या कपाटाआड काढून दिला. वाल्बुर्गा तिच्याहून जाड, पट्टा बसेना. तेव्हा आईनं येऊन तो सैल केला. सैल करायचा म्हणून सुईदोरा तिनं आणलेलाच होता.

घर बाद झालं नव्हतं, त्यामुळे आफ्राला खेळात उभं राहणं भाग होतं. आमच्याकडे धडधाकट माणसानं घरी बसायचं नाही. तिला तपकिरी कापड गुंडाळून गर्दीत घातलं, यरुशलेमच्या लोकांत. तीन-चारशे बायामाणसं, काम एवढंच की रोमन सुभेदार पिलातानं विचारलं की ओरडायचं. शेजारी उभ्या असलेल्या सुताराच्या बायकोला सगळं केव्हाच कळलं होतं. आमच्या गावात कशाला वेळ लागतो? ती ओठ न हलवता पुटपुटली, “तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.” आजूबाजूच्या दोघी खुदकन हसल्या.

दुपारी क्विरिनला हात बांधून पुढे आणलं. कपाळावर काट्यांचा मुकुट, लाल रंगाचे ओघळ, मान खाली. समोर चार हजार माणसं श्वास रोखून बसलेली. पिलातानं विचारलं, याचं मी काय करू?

“वधस्तंभावर खिळा,” गर्दी ओरडली. तीनदा ओरडायचं, लहानपणापासून ठरलेलं. आफ्रा तीनदा ओरडली. नेमाप्रमाणे गर्दी थांबली, दोष माझा नाही म्हणत पिलातानं हात धुवायला पुढे केले, आणि तेव्हा ती चौथ्यांदा ओरडली. एकटी. बेंबीच्या देठापासून, घसा फाटेस्तोवर, बापाच्या तोंडाकडे बघत, “खिळा त्याला!” पिलाताच्या हातातलं पाणी सांडलं. क्विरिननं मान खालीच ठेवायची असते, पण त्यानं ती वर केली आणि तिच्याकडे पाहिलं. पहिल्या रांगेतल्या इंग्रज बायका हुंदके द्यायला लागल्या. मग वाद्यवृंदानं ठरल्याप्रमाणे सूर धरला आणि खेळ पुढे गेला.

संध्याकाळी ती कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसली होती. आता पंच येतील, खेळ बिघडवला म्हणून काढून टाकतील, असंच तिला वाटत होतं, आणि तिला तेच हवं होतं. सरपंच स्टाडलर आला. त्यानं तिच्या खांद्यावर थोपटलं.

“ती चौथी आरोळी फार छान झाली,” तो म्हणाला. “तुझ्या बापालाही पटलं. सप्टेंबरपर्यंत प्रत्येक खेळात तशीच द्यायची, तूच आणि एकटीच.”