नंबर एक शाळेजवळचं घर

विनायक विहार कॉलनीत त्या वर्षी जितकी घरं भाड्यानं द्यायची होती, तितक्याच नंबर एकच्या शाळा होत्या. ज्या घरमालकाच्या दारात उभं राहावं, त्याच्या शेजारची शाळा पहिली आणि बाकीच्या निव्वळ गोठे. पहिल्या मालकानं आपल्याकडच्या शाळेचे दहावीचे निकाल तोंडपाठ म्हणून दाखवले. दुसऱ्यानं निकालांकडे नाक मुरडलं. त्याच्याकडच्या शाळेत बालवाडीपासून टाय होता आणि पोरं झोपेतसुद्धा इंग्रजीत शिंकत म्हणे. मृणालिनीनं पहिल्याचं मत दुसऱ्याला जसंच्या तसं सांगितलं, अगदी भोळ्या चेहऱ्यानं. मग काय, दुसऱ्यानं पहिल्या शाळेच्या हेडमास्तरांच्या सासुरवाडीपर्यंतचा इतिहास उकरून काढला.

रस्त्यावर आल्यावर यज्ञेशनं डोळे वटारले. "घर बघायला आलीयेस की भांडणं लावायला?"

"तुम्ही घर बघा की," ती म्हणाली. "मी दुसरं काम बघते."

एरवी तिला कुठल्याही घरात सुखानं राहता आलं असतं. प्रश्न सईचा होता. बँकेनं यज्ञेशची बदली सांगलीहून थेट बनारसला केली, तेव्हापासून तिघं रामघाटावरच्या जुन्या मराठी वस्तीत पद्माकाकूंकडे राहत होती. घाईघाईत चार वर्षांच्या सईला गल्लीतल्याच एका शाळेत घातलं. घरात चुरूचुरू बोलणारी पोर तिथे बारीक आवाजात "शू लागली" म्हणायची, आणि बाहेरून आलेल्या, मराठी न कळणाऱ्या बाई हसून, गाल ओढून तिला परत बसवायच्या. फ्रॉक ओला व्हायचा. मृणालिनीनं तिला हिंदी शब्द शिकवले; घरी ती पोपटासारखी म्हणायची आणि शाळेत गेली की विसरायची. बाईंना सांगून झालं, पण त्यांच्यासमोर पोरांचा मेळा. शेवटी सईनं स्वतःच उपाय काढला. सकाळी पाण्याचा पेला पुढे केला की ओठ घट्ट मिटायची. मग हळूहळू शाळेत बोलायचीच बंद झाली. काकू म्हणायच्या, चार महिन्यांत फाडफाड हिंदी बोलेल, बघ. बोललीही असती, पण ते चार महिने आईनं कसे काढायचे, ते काकूंनी सांगितलं नव्हतं.

काकूंनी एक मात्र बजावून पाठवलं होतं. "रामघाटावर मराठीत गुपित बोलायची सोय नाही. इथे नावाड्यांना कळतं, दूधवाल्याला कळतं, गायी तर मराठीतच ओरडा खातात. पण तिकडे कॉलनीत खुशाल बोला. बोलायचं हिंदीत, ठरवायचं मराठीत."

तिसरं घर विश्वेश्वर तिवारींचं. रेल्वेतून निवृत्त झालेले, पांढऱ्या भरघोस मिशांचे गृहस्थ. सई आईच्या मांडीवर फ्रॉकचं टोक चावत बसली आणि तिवारीजी हिंदीतून आपल्या दारासमोरच्या शाळेची आरती गाऊ लागले. शिस्त बघा, इमारत बघा, साक्षात मंदिर.

"मिशा बघा हो," मृणालिनी चेहरा हलू न देता नवऱ्याला मराठीत म्हणाली. "थाप मारताना मांजरासारख्या थरथरतात."

यज्ञेश खोकला. ती म्हणाली, जागा ऐसपैस आहे, पण मोरीचा वास येतोय. तिवारीजी बोलता बोलता उठले, मोरीचं दार लावलं आणि परत येऊन शिस्तीवर बोलू लागले. चहा आला. चहा अगदीच पांचट, ती पुटपुटली. जरा वेळानं तिवारीजींनी आत हाक मारून साखरेचं भांडं मागवलं.

मृणालिनीचा कप ओठांशीच थांबला. मांजर आठवून तिचे कान तापले. तरी खात्री करून घ्यावी म्हणून, वर न बघता, बाजारभाव सांगावा तशा आवाजात ती म्हणाली, "अहो, ह्यांच्या डोक्यावर पाल आहे. पडते की काय आता."

तिवारीजींची मान कासवासारखी खांद्यात गेली. भिंतीवर काहीही नव्हतं.

दुसरी कोणी असती तर लाजेनं उठली असती. मृणालिनीलाही क्षणभर तसं वाटलं. पण मांडीवरच्या पोरीच्या मिटलेल्या ओठांकडे तिचं लक्ष गेलं आणि तिनं ठरवलं, की मराठी कळणारं माणूस आयतं चालून आलंय, ते असं सोडायचं नाही. ती नवऱ्याकडे वळून, मराठीतच, जरा खणखणीत बोलू लागली. घर आवडलंय. मला निकाल नकोत, टाय नको, देऊळ तर नकोच. माझ्या लेकीला शू लागली हे ज्या बाईला कळेल, तिची शाळा माझ्या हिशेबी नंबर एक. शाळेत ओली होईल म्हणून ही पोर पाणी पीत नाही. आपण ह्या गावात नवे, आपल्याला खरं कोण सांगणार?

यज्ञेश गोंधळला. हे सगळं तो रोज रात्री ऐकत होता. आता परक्याच्या बैठकीत पुन्हा कशाला?

तिवारीजींच्या मिशा स्थिर झाल्या. त्यांनी सईकडे पाहिलं, समोरच्या शाळेच्या उंच फाटकाकडे पाहिलं आणि घसा साफ करून हिंदीत म्हणाले, "वैसे बहूजी, सामनेवाला स्कूल बड़े बच्चों के लिए ठीक है. छोटों को वहाँ रुलाते हैं. पानी की टंकी के पीछे प्रभावती दीदी का स्कूल है. न बोर्ड, न टाई. वो देख लीजिए."

कोणी विचारलंच नव्हतं, तरी उत्तर अगदी नेमकं आलं. पाण्याची टाकी तर दुसऱ्या मालकाच्या घराजवळ होती; म्हणजे तिवारीजींनी स्वतःचाच तोटा करून खरं सांगितलं होतं. मृणालिनीनं मान खाली घालून, पांचट चहा शेवटच्या घोटापर्यंत संपवला.

वाट दाखवायला तिवारीजी स्वतःच चपला घालून निघाले. शाळा म्हणजे पत्र्याखालच्या दोन खोल्या आणि अंगणात टायर बांधलेलं कडुनिंबाचं झाड. प्रभावती दीदी खडूनं पांढऱ्या झालेल्या हातांनी पुढे आल्या. सई आईच्या पदरात शिरली आणि बारीक आवाजात काही म्हणाली.

"क्या बोली?" दीदींनी वाकून विचारलं.

मृणालिनी तोंड उघडणार, तोच तिवारीजी म्हणाले, "शू लागली आहे तिला. कधीची दाबून धरलीय पोरीनं."

मराठीत. तेही रामघाटाच्या हेलात.

दीदींनी अर्थ विचारून घेतला, एकदा घोकला आणि सईचा हात धरून मागे घेऊन गेल्या. यज्ञेश मात्र जागीच खिळला. गेल्या तासाभरात कोण काय काय बोललं त्याची तो मनातल्या मनात उजळणी करत होता, आणि मांजरापाशी आल्यावर त्याचा चेहरा पार उतरला.

"मी रामघाटाच्या मागच्या गल्लीत वाढलो," तिवारीजी म्हणाले. "महाराष्ट्रातून वेदशाळेत शिकायला आलेल्या पोरांशी गोट्या खेळून भाषा शिकलो. भाडेकरू मराठी असले की मी मराठी बोलत नाही. लोक घराबद्दल खरं बोलतात मग." आणि मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "माझ्याबद्दलही."

मृणालिनीनं माफी मागायला तोंड उघडलं आणि तिला हसूच फुटलं.

सईला झाडाकडे सोडून दीदी परत आल्या त्या आणखी शब्द मागतच. भूक, झोप, पोट दुखतंय. तिवारीजी ऐटीत सांगत होते. आई हवी असली तर कसं म्हणेल, असं दीदींनी विचारलं, तेव्हा ते जरा अडखळले. म्हणाले, "वेदशाळेतल्या त्या पोरांनी दिवसा कधी तसं म्हटलं नाही. रात्री पांघरुणातून नुसतं 'आई गं' ऐकू यायचं." दीदींनी तेही घोकलं.

तेवढ्यात झाडाखाली कालवा उठला. टायरवर बसलेला एक शेंबडा गुंड उतरायला तयार नव्हता. तो आपल्या भोजपुरीत ओरडत होता आणि त्याच्यापुढे कमरेवर हात ठेवून, सांगलीच्या सगळ्या गल्ल्या ओळखतील अशा ठणठणीत आवाजात, सई त्याला उत्तर देत होती.

"अब ये क्या कह रही है?" दीदींनी उत्सुकतेनं तिवारीजींकडे वळून विचारलं.

तिवारीजींनी कान देऊन ऐकलं, आणि मृणालिनीकडे बघून मराठीत म्हणाले, "सूनबाई, हे तुम्हीच सांगा. माझ्या वयाला शोभायचं नाही."

पण मृणालिनीला सांगता येईना. ती पायरीवर बसली होती, पदर तोंडाशी धरून, आणि पोरीचं ते भांडण संपूच नये असं तिला वाटत होतं.