कातरवाल्याचा बंद फोन

मुलांनो, क्षणभर असं समजा, की तुम्ही कालव्याच्या काठावर उभे आहात. पायाखाली चिखल, तोंडावर धुळीचा वारा आणि समोर पाण्यात बें-बें करणाऱ्या मेंढ्यांची दाटी. लोकर कातरायची तर मेंढी आधी अशी धुवावी लागते. अंग वाळलं, की लगेच कातरणारा हजर पाहिजे. उशीर झाला तर ती पुन्हा धुळीत लोळते आणि सगळे कष्ट वाया जातात.

त्या काठावर धुण्याचं गाठोडं घेऊन भिंगरी आली. कातरवाल्याची मुलगी. एका जागी पाय ठरत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. पण पाण्यात मेंढ्या धुणाऱ्या मेंढकेआजोबांना बघून ती जागीच थबकली.

"काय गं," कमरेएवढ्या पाण्यातून आजोबा म्हणाले, "तुझा बाप मोठा माणूस झाला म्हणायचा. फोन लावला की कुणी बाईच बोलते. मला त्या बाईकडून लोकर कातरून घ्यायची आहे का?"

काय उत्तर द्यायचं ते भिंगरीला घरून पढवलेलं होतं. फोन पाण्यात पडलाय.

खरं तर फोन घरात फळीवर धडधाकट होता. पैसे भरायची मुदत टळली, तसं आधी त्यावरून फोन लावणं बंद झालं, मग येणारे फोनही थांबले. आणि कातरवाल्याचं काम तर येणाऱ्या फोनवरच चालायचं. काम नाही म्हणून पैसे नाहीत, पैसे नाहीत म्हणून फोन नाही, फोन नाही म्हणून काम नाही.

आई म्हणाली होती, "अहो, लोकांना खरं सांगा. तोवर शेजारच्या काकूंचा नंबर द्या."

"म्हणजे गावभर होऊ दे, याच्या फोनात टाकायलाही पैसे नाहीत म्हणून?" कातरवाला उसळला होता. "पाण्यात पडला म्हणायचं. विषय संपला."

इकडे आजोबा एका मेंढीची पाठ चोळत म्हणाले, "उद्या या वाळतील. आता मशीनवाल्याला सांगतो. मेला ओरबाडतो, मेंढ्या रक्ताळतात, पण फोन तरी उचलतो."

"फोन पाण्यात..." भिंगरी म्हणाली आणि अडली. घरात डब्यातलं पीठ किती उरलंय ते तिनं सकाळीच पाहिलं होतं. "पाण्यात नाही पडला, आजोबा. त्यातले पैसे संपलेत."

आजोबांचा हात थांबला. "एवढंच? मग निरोप धाडायचा. मी काय खाल्लं असतं त्याला?" त्यांनी मेंढी सोडून दिली. "उद्या सकाळी ये म्हणावं. आणि माझ्या भावांचे कळप धुवायचेत अजून. त्यांना कुठला नंबर देऊ, ते विचारून ये. नंबर नसला तर ते मशीनवाल्याकडेच जातील, माझं ऐकायचे नाहीत."

भिंगरी धुणं तसंच उचलून घरी आली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली.

"सांगितलंस तर," कातरवाला एवढंच म्हणाला. मग खुंटीवरची कातर काढून दगडावर घासायला लागला. खर्र, खर्र.

"उद्याचं झालं," आई हळूच म्हणाली. "पण नंबर कुणाचा द्यायचा?"

खर्र, खर्र. त्यानं मान वर केली नाही. ‘हो’ही म्हणाला नाही आणि ‘नाही’ही म्हणाला नाही.

"मी विचारू काकूंना?" भिंगरीनं विचारलं.

आईनं कातरवाल्याकडे पाहिलं. तो पात्यावर बोट फिरवत राहिला.

भिंगरी शेजारी गेली. काकूंच्या ओसरीवर गल्लीतल्या बायका धान्य निवडत बसल्या होत्या. त्यातली एक हसून म्हणाली, "काय गं, वाळला का तुमचा फोन?"

दोन्ही घरांत भिंत एकच. पलीकडची खर्रखर्र इथं स्वच्छ ऐकू येत होती.

"फोन भिजलाच नव्हता," भिंगरी म्हणाली. "काकू, आमच्या फोनात टाकायला पैसे नाहीत. बाबांच्या कामाचे फोन..."

भिंतीपलीकडचा आवाज एकदम थांबला.

भिंगरीनं उरलेलं वाक्य आधीपेक्षा मोठ्यानं पुरं केलं.