उत्तरेच्या खिडकीतली पाकट

माझ्या धाकट्याचं, पॅस्कोचं, लग्न अजून पक्कं व्हायचं होतं, तोवर हा घरचा धनी झाला. आधी काय केलं, तर थोरल्या बहिणीला तळघरातून हुसकायला निघाला. लव्हडे बिनलग्नाची. त्या तळघरात ती मासळी खारवते, टांगते, पाठीवर टोपली मारून गावोगाव विकून येते. त्याच मासळीवर हा बैल पोसला. आता म्हणे तिथे नव्या नवरीची खोली करायची!

आमच्या न्यूलिन बंदरात कोवळ्या पाकटीला, त्या चपट्या, पंखवाल्या मासळीला, आणि कुवार पोरीला एकच नाव, पोर. पोरीचं वय उलटलं की ती काटेपाकट, पाठभर काटेवाली थोराड मासळी. नावं ठेवली पुरुषांनी. स्वतःला ठेवायला मात्र मेल्यांना एकही सुचलं नाही.

सोयरिकीच्या जेवणाला मुलीचा बाप, हॅनिबल नॅन्स, यायचा होता. लव्हडेने पाकटीचे पंख आधीच सोलून उत्तरेच्या खिडकीत वाऱ्याला टांगले होते. पाकट दोन-तीन दिवस टांगल्याशिवाय खाऊ नये, ताजी चामड्यासारखी चिवट लागते, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.

पॅस्को नाक मुरडत आला. "आई, ही घाण व्याह्यांना वाढणार? काटेपाकटीला काटेपाकटच प्यारी!"

लव्हडेने पावाची टोपली उचलली. आम्ही दोघी पाव आणायला गेलो, तेवढ्यात त्याने पंख धक्क्यावरच्या मांजरांना टाकले आणि सकाळी नावेतून उतरलेली पाकट चुलीवर चढवली. आम्ही परतलो तर खिडकी रिकामी आणि हॅनिबल ताटावर बसलेला.

तो चघळतोय, चघळतोय. शेवटी घास काढून ताटाच्या कडेला ठेवला.

"केझायाबाई, हा जोडा कुणाचा?"

"तुमच्या होणाऱ्या जावयाचा," मी म्हटलं.

"लव्हडेनं बिघडवलं!" पॅस्को ओरडला. "आईशप्पत!"

लव्हडे खाली गेली. गिऱ्हाइकासाठी मागच्या आकड्याला एक पंख राहिला होता, तो लोण्यात परतून आणला. हॅनिबलने पावाने ताट पुसून खाल्लं.

"जिथे असं तळघर चालतं, तिथे माझी पोर उपाशी मरायची नाही. लग्न पक्कं समजा."

पॅस्को लगेच फुलला. "मग तळघर आमचंच ना गं, आई?"

व्याह्यांच्या देखतच मी बोलले, "तळघर लव्हडेचं. मी आहे तोवर आणि मी गेल्यावरही. काटेपाकट टांगली की चवीला चढते, रे. तू बांगडा. सकाळी चकाकतोस, संध्याकाळी वास मारतोस. नवरीला घेऊन माळ्यावर जा, जाळ्यांशेजारी झोप. आणि आधी तो जोडा गिळ."