मागच्या बाजूचं म्हणणं

"मालकाची वकिली मी कशाला करू? त्याला काय तोंड नाही?" असं म्हणत सासूबाईंनी टेबलावर हात आपटला. हाताखाली कागद होता आणि कागदाखाली मी.

मी त्या कागदाची मागची बाजू बोलतेय.

गिरणीत लगदा लाटला गेला, तेव्हा आम्हा दोघी बाजूंत काही भेद नव्हता. एकीवर कुणीतरी पहिला शब्द लिहितं आणि दुसरी आपोआप मागची होते. पुढचीच्या वाट्याला समास, सुवाच्य अक्षर, खाली सही. मागचीच्या वाट्याला पेन चालतंय का ते बघायच्या रेघोट्या, पोरांचे हत्ती, घाईत टिपलेला फोन नंबर. अगदीच कोरी राहिली तर कपाटाच्या खणात अंथरतात.

मला या घरी सुनेनं आणलं. ती आणि सासूबाई एकाच शर्टांच्या कारखान्यात. सून शिलाई मशीनवर, सासूबाई काजं-बटणांच्या टेबलावर. कारखान्याच्या टोकाला पाळणाघराची खोली आहे, नात दिवसभर तिथे असते. मालकाला ती खोली बंद करून कापडाचे तागे रचायचे आहेत. खोली गेली की सुनेची नोकरी गेली. म्हणून अर्ज लिहायचं ठरलं आणि तो सासूबाईंनीच, कारण घरात त्यांच्याइतकी धारदार लेखणी कुणाची नाही, असं त्यांचंच मत.

त्यांनी पुढची बाजू एका दमात भरली. पाळणाघर हवंच. पोर जवळ असली की आईचं लक्ष कामात राहतं. खाडे कमी पडतात. हात बसलेली बाई टिकते, नवी शिकवत बसावं लागत नाही. मुद्दे चांगले होते. मला मात्र ते उलटे कळत होते. पुढून दाबलेलं अक्षर माझ्याकडे उलटंच उमटतं. यात वैर काही नाही, मी त्या बाजूला आहे इतकंच.

बहुतेक वाक्यं हलकी आली. एका वाक्याला मी फाटता फाटता वाचले: 'मुलांना तिथे कसलाही धोका नाही.' खाली दोन रेघा. माणसांची ही सवयच आहे. मुद्दा डळमळला की पेन दाबतात.

सुनेनं ती जागा बोटानं चाचपली.

"आई, हे वाक्य नको."

"का? खोटं आहे?"

"परवा आपलीच ठमाकाकू रांगत इस्त्रीच्या टेबलापर्यंत आली होती. मालकांनीच उचलून आणून दिली." ठमाकाकू म्हणजे नात, वय वर्ष एक.

"मग? ती आठवण आपण करून द्यायची?"

"ते विसरलेत होय? वाचताना पहिलं तेच म्हणतील, आणि मग तुमचे बाकीचे मुद्दे कोण वाचतंय! त्यांचं म्हणणंही आपणच लिहू."

इथेच ते वकिलीचं वाक्य आलं आणि हात आपटला गेला.

"अगं, त्याच्या हातात सुरी द्यायची, वर धारही लावून द्यायची?"

"सुरी त्यांच्याकडे आहेच, आई. आपण फक्त 'दिसली' म्हणायचं. लिहू, की पोर बाहेर आली, तुमची भीती खरी आहे. पण ती आली दार उघडं राहिलं म्हणून. तर दाराला वर कडी बसवा. खोली कशाला बंद करता?"

"नोकरी तुझी जातेय, आणि कळवळा त्याचा!"

"माझी जातेय म्हणूनच सांगतेय."

सासूबाई पेनाचं टोपण चावत राहिल्या. कडीचं त्यांना पटलं होतं, पण पटलं म्हणायची त्यांना सवय नाही.

सध्या मी मालकाच्या टेबलावर आहे. पुढचीवरच्या त्या एका वाक्यावर काट आहे, आणि मी काठोकाठ भरलेली आहे. त्यानं मला दोनदा उलटून वाचलं. काय ठरवलं, ते मला ठाऊक नाही. तुम्हाला इतकंच मागते, की आपलं म्हणणं लिहून झालं म्हणजे पान उलटायला कचरू नका. तिथे जागा असते.

माझ्यावर पहिलं अक्षर कसं पडलं, ते सांगून निरोप घेते. सासूबाईंनी कागद पालथा केला, पेन सुनेच्या हातात कोंबलं आणि म्हणाल्या,

"लिही. पण त्याची भीती अशी लिही, की त्याला वाटलं पाहिजे, 'मलासुद्धा इतकं नीट सांगता आलं नसतं.'"