शाल, नारळ आणि एस्तर आजींची कॅसेट

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मला सत्काराच्या शालींची किळस येते. शाल बिचारी लोकरीची, तिचा काय दोष! पण ती पांघरून माणसं काय काय झाकतात, ते मी ऐकलं आहे.

शोभनाकाकूंनी मला पुण्यात विकत घेतलं आणि अमेरिकेत ईडन प्रेरीला आणलं. बरीच वर्षं मी मराठी मंडळाच्या आरत्या आणि नाटकांच्या तालमी टेप केल्या. "आमचा टेप बघा, अजून कसा ठणठणीत!" असं काकू सगळ्यांना सांगत. मग सीडी आल्या आणि मी मंडळाच्या हॉलच्या कपाटात सतरंज्यांखाली गेलो.

२००५ साली यामिनीनं मला बाहेर काढलं. ती नागपूरची, इथं युनिव्हर्सिटीत शिकणारी. तेव्हा आफ्रिकेतल्या एका देशात हुकूमशहा पडला होता. नाव नाही सांगत, असे देश काय थोडे आहेत! नव्या सरकारनं सत्यशोधन आयोग नेमला. तिथून पळून आलेली काही माणसं आमच्या आसपास राहत. त्यांच्या साक्षी टेप करायचं काम यामिनीनं आपणहून अंगावर घेतलं.

त्यांच्यातल्याच एस्तर आजी माझ्यासमोर बसल्या. त्यांच्या मुलाला, डॅनियलला, शिपायांनी घरातून ओढून नेलं होतं. कोणत्या अधिकाऱ्यानं नेलं, कुठं पुरलं, सगळं त्यांनी सांगितलं. मध्येच थांबून विचारलं, "पोरी, हे चालू आहे ना?" मी चालूच होतो. इतकं मोलाचं काम मला कधीच मिळालं नव्हतं.

आयोगाच्या अहवालाचं खूप कौतुक झालं. पुरलेली माणसं शोधा, हाडं घरच्यांच्या हवाली करा, दोषींना पदावरून काढा, अशा त्याच्या शिफारशी होत्या. पुढे काय? पालथ्या घड्यावर पाणी! वाट बघता बघता आजी गेल्या. त्यांच्या मुलीनं, ग्लोरियानं, भावाची हाडं मागितली, तर सरकार म्हणालं, आयोगाला दिलेली मूळ कॅसेट सापडत नाही, जागा कळत नाही. नशीब, यामिनीकडे एक प्रत होती.

२००८ साली त्याच सरकारचे एक मंत्री आमच्या गावात आले. मंडळाचे अध्यक्ष गुरुनाथकाका. पाहुणा दिसला की त्यांचा हात शालीकडेच जातो, त्यामुळे सत्कार ठरलाच. मंत्र्यांना आजींचा आवाज ऐकवायचा म्हणून यामिनीनं कॅसेट सुरुवातीपासून लावून ठेवली आणि ती ग्लोरियाला आणायला पार्किंगमध्ये गेली. तेवढ्यात काकांनी मला पाहिलं.

"अरे वा, टेप रेडीच आहे! मिनिस्टरचं स्पीच रेकॉर्ड करू या."

"अहो, आत कुठलीतरी कॅसेट आहे," शोभनाकाकू म्हणाल्या.

"आरतीची प्रॅक्टिस असेल हो. नवी कशाला वाया घालवायची?"

आणि त्यांनी बटण दाबलं. मित्रांनो, मला ओरडता येत नाही हो! मंत्री म्हणाले, "पीडितांचा आवाज आम्ही प्राणपणानं जपू." आणि ते भाषण मी आजींच्या आवाजावर चढवत होतो. शी! माझी मलाच शिसारी आली.

टाळ्या वाजत असताना यामिनी ग्लोरियाला घेऊन परत आली. "काका! अहो, काय केलंत हे?" तिनं रेकॉर्डिंग थांबवलं आणि प्लेचं बटण दाबलं. उरलेल्या टेपमधून एस्तर आजी बोलल्या.

"पाण्याच्या टाकीमागे, दोन आंब्यांच्या मध्ये. माझा डॅनियल तिथं आहे. खणा."

अधिकाऱ्याचं नाव पुसलं गेलं होतं. जागा मात्र शाबूत होती. ग्लोरिया मंत्र्यांसमोर जाऊन उभी राहिली. "ऐकलंत ना? आता तरी खणा."

मंत्र्यांनी खांद्यावरची शाल नीट केली. "नोंद घेतली आहे," ते म्हणाले आणि नारळ सांभाळत जेवणाच्या टेबलाकडे वळले. काका मान खाली घालून त्यांना श्रीखंड वाढायला गेले. निर्लज्ज मेले!

आता मंडळानं मला काचेच्या कपाटात ठेवलं आहे. न चुकता माझी धूळ झाडतात, पाहुण्यांना कौतुकानं दाखवतात. तिकडे त्या दोन आंब्यांमध्ये अजून कुदळ पडलेली नाही.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मला नका जपू, मित्रांनो. मला धूळ चढली तरी चालेल. डॅनियल कुठं आहे, ते आता तुम्हालाही कळलं आहे. खणा.